निशाणी नांगर

"चित्रातलं आपल्याला काही कळत नाही हो!" हे वाक्य उच्चारताना मराठी मध्यमवर्गीय माणसाच्या चेहऱ्यावर जे तेज चढतं, ते त्याच्या मुलाला दहावीला नव्वद टक्के पडले तरी चढत नाही. गाण्यातलं कळत नाही असं म्हणायला तो लाजतो. बागेश्री की भीमपलास हे ठाऊक नसलं तरी योग्य जागी मान हलवून वेळ मारून नेतो. क्रिकेटमधलं त्याला कर्णधारापेक्षा अधिक कळतं आणि राजकारणातलं पंतप्रधानांपेक्षा. पण चित्र म्हटलं की "छे छे, तो आपला प्रांत नव्हे!" असं म्हणून हात झटकतो आणि हात झटकून झाल्यावर लगेच त्या परक्या प्रांताचा निकाल लावून मोकळा होतो. "आणि ह्यात एवढं आहे काय? चार रेघा! असलं चित्र आमचा बंड्यासुद्धा काढील!"

गेली कित्येक वर्षं हे वाक्य मी ऐकत आलो आहे. प्रदर्शनात ऐकलं, दिवाळी अंकातलं रेखाचित्र बघताना ऐकलं, वर्तमानपत्राच्या कोपऱ्यातल्या दोन बोटं रुंदीच्या व्यंगचित्राबद्दल ऐकलं आणि आमच्या सिंधुदुर्गात सड्यावरच्या कातळात कोरलेल्या आकृतींसमोर उभं राहूनही ऐकलं. तेव्हा म्हटलं, एकदा ह्या बंड्याच्या बापाशी समोरासमोर बोलून घ्यावं.

तर बंड्याचे बाबा, ऐका. बंड्या काढील, हे शंभर टक्के खरं आहे. वाद तिथे नाहीच. बंड्या पाच वर्षांचा असताना त्याच्या हातात पेन्सिल द्या. तो एक गोल काढील. गोलात दोन टिंबं. त्या गोलालाच खालून दोन पाय फुटतील, बाजूंनी दोन हात फुटतील आणि बंड्या जाहीर करील, "ही आजी!" ह्या आजीला मान नाही, धड नाही, लुगडं नाही, चष्मा नाही. पण तिचा एक हात पाहा. तो पायांपेक्षा लांब आहे आणि थेट कागदाच्या वरच्या कडेला जाऊन टेकला आहे. कारण उघड आहे. लाडवांचा डबा वरच्या फळीवर असतो आणि तो न कुरकुरता काढून देणारं माणूस घरात एकच असतं. आजीविषयी बंड्याला जे नक्की ठाऊक आहे तेवढं त्यानं काढलं, उरलेली आजी गाळली.

आता ह्यावर तुम्ही काय करता? "अरे गाढवा, आजीला मान कुठाय?" असं विचारता. मग बंड्या मान काढायला शिकतो. मानेपाठोपाठ खांदे येतात, खांद्यांपाठोपाठ पदराच्या चुण्या येतात. आठवी-नववीत तुम्ही त्याला एलिमेंटरीला नि इंटरमिजिएटला बसवता, कारण त्याचे दहावीला वाढीव मार्क मिळतात. तोवर आजीचा हात शास्त्रशुद्ध मापात आखूड झालेला असतो. तो आता डब्यापर्यंत पोचत नाही.

मालवणातल्या बंड्याची तऱ्हा तर आणखीच वेगळी. इथे सूर्य रोज संध्याकाळी सगळ्यांच्या देखत सिंधुदुर्ग किल्ल्यापलीकडे समुद्रात बुडतो. तरी इथल्या कुठल्याही मुलाला "निसर्गचित्र काढ" म्हणून सांगा. दोन त्रिकोणी डोंगर, त्यांच्या मधून उगवणारा अर्धा सूर्य, तिथूनच निघालेली नदी, काठावर घर आणि आकाशात चारच्या आकड्यासारखे पक्षी! हे डोंगर मालवणात कुठे आहेत? शाळेच्या फळ्यावर आहेत. जे रोज डोळ्यांनी बघतो ते काढायचं नसतं, जे काढून दाखवलं जातं तेच काढायचं असतं, एवढं शिक्षण चौथीपर्यंत पुरं होतं. आणि हे डोंगर बघून मात्र तुम्ही "वा!" म्हणता. तेव्हा बंड्याचे बाबा, तुमचं व्याकरण तेवढं सुधारून घ्या. "बंड्या काढील" हा भविष्यकाळ इथे चुकतो. "बंड्या काढीत असे" असा रीतिभूतकाळ वापरा.

तुम्ही म्हणाल, हा बँकेतला कारकून, शिक्षण बी. कॉम., ह्याला चित्रांतलं काय कळतं? अहो, माझी सगळी नोकरी चित्रं ओळखण्यात चालली आहे! सही म्हणजे दुसरं काय असतं? ज्यांतलं एकही अक्षर लागत नाही अशा सह्या मी रोज डझनांनी पाहतो आणि नमुन्याच्या सहीशी ताडून पाहून त्यांवर पैसे देतो. पेन्शनला येणाऱ्या एका निवृत्त गुरुजींच्या सहीला शेवटी एक झोकदार फराटा असे. तो महिन्यामहिन्याला आखूड होत गेला. पुढे नुसतं शेपूट राहिलं आणि मग टिंब. गुरुजी "ठीक आहे, ठीक आहे" म्हणत हसून पैसे मोजून घेत. पण ठीक नाही हे आमच्या काउंटरला त्यांच्या घरच्यांच्या आधी कळलं होतं. एवढी बातमी इंचभर रेघेत मावते.

उलट मोठ्या साहेबांची सही घ्या. ताप उतरत चाललेल्या रोग्याच्या तक्त्यासारखी एक रेघ वरून खाली येते आणि संपते. त्या एका रेघेवर लाखालाखांची कर्जं मंजूर होतात, बदल्या होतात, चौकशा लागतात. "असली सही आमचा बंड्यासुद्धा करील" असं आजवर कुणी म्हटलंय का? म्हणून पाहा! तेव्हा रेघा थोड्या आहेत ही तुमची तक्रारच नव्हे. रेघेमागे खुर्ची दिसत नाही, ही खरी तक्रार आहे.

ह्या खुर्चीचा थोडा इतिहास सांगतो. जुनी गावगाड्याची कागदपत्रं ज्यांनी चाळली असतील, त्यांना महजराच्या तळाशी 'निशाणी नांगर' असे शब्द भेटले असतील. गावच्या पाटलाला लिहिता येत नसे. कुलकर्णी मजकूर लिही आणि पाटील आपल्या नावापुढे नांगर काढी. कसला नांगर? एक तिरकी रेघ, एक लांब रेघ आणि टोकाला जरासा वाक. शेतकऱ्याचा नांगर, वाण्याचा तराजू, शिपाईगड्याची कट्यार, बाईमाणसाची बांगडी. गावचा निवाडा व्हायचा आणि कागदाच्या खाली अशा निशाण्यांची रांग लागायची. मी नांगर धरतो, इथे बसून मी हे सगळं ऐकलं आहे आणि ते मला मान्य आहे, एवढा मजकूर त्या अडीच रेघांत असे. आज ह्याच मजकुराला आम्ही तीन पानी फॉर्म छापतो आणि तरीही ग्राहकाला तो मान्य आहे की नाही हे कळत नाही, कारण त्यानं तो वाचलेला नसतो.

मग इंग्रज आला. १८५८ साली बंगालमध्ये विल्यम हर्शेल नावाच्या इंग्रज अंमलदारानं राज्यधर कोनाई नावाच्या एका कंत्राटदाराच्या पंजाचा ठसा करारावर उठवून घेतला. ही कल्पना पुढे फोफावली आणि १८९७ साली कलकत्त्यात बोटांच्या ठशांचं सरकारी कार्यालय उघडलं. नांगर गेला, अंगठा आला. गुन्हेगार पकडायला अंगठा उत्तम, ह्याबद्दल वाद नाही. पण नांगर हा त्या माणसानं स्वतः काढलेला असे. अंगठा त्याला जन्मतःच मिळालेला असतो आणि तोसुद्धा त्याला स्वतः उठवू देत नाहीत. कारकून त्याचं बोट धरतो, शाईच्या पॅडवर दाबतो नि कागदावर लोळवतो. एवढं करून वर त्याला 'अंगठेबहाद्दर' ही पदवी आपण द्यायची!

योगायोग असा, की त्याच १८९७ साली जनरल क्लॉजेस ॲक्ट झाला. त्यात म्हटलं आहे, की ज्याला नाव लिहिता येत नाही त्याच्या बाबतीत सही ह्या शब्दात खूणही धरावी. हा कायदा अजून जिवंत आहे. नांगराला कायद्यात जागा आहे. नाही ती छापील फॉर्मवर. आणि काळाचा महिमा बघा. आज आधारच्या यंत्रावर डबल ग्रॅज्युएटसुद्धा निमूटपणे अंगठा टेकतो, यंत्र "पुन्हा ठेवा" म्हणालं की विजारीला पुसून पुन्हा टेकतो. शिकून शिकून आपण सगळे अंगठ्यापर्यंत आलो. नांगरापर्यंत पोचायला अजून अवकाश आहे.

मी नोकरीला नवा असतानाची गोष्ट. किनाऱ्यालगतच्या एका वाडीतल्या काकी काउंटरवर आल्या. मासळी विकणाऱ्या. नवऱ्याच्या नि त्यांच्या नावावरचं हातानं नोंदी केलेलं जुनं पासबुक होतं, कडा खाऱ्या हवेनं फुगलेल्या. नवरा वारला होता आणि आता छापील नोंदींचं नवं पासबुक घ्यायचं होतं. मी जुनं उघडलं. प्रत्येक नोंदीच्या कडेला, रकान्याबाहेरच्या कोऱ्या जागेत, पेन्सिलीनं हरभऱ्याएवढं काहीतरी काढलेलं.

"काकी, हे काय?"

"ती बांगडी. चेडवाच्या लग्नाची. माज्या घोवान काडल्यान."

नवरा रापणीला जायचा. वाचता येत नव्हतं, पण कुठला पैसा कशासाठी ठेवला हे त्याला विसरायचं नव्हतं. बांगडी म्हणजे मुलीचं लग्न. दोन उतरत्या रेघा म्हणजे घराचं छप्पर. उभ्याआडव्या रेघांची चौकट म्हणजे जाळं. एकाखाली एक पाचसहा बांगड्या होत्या. त्यांच्याखाली बरीच मोठी रक्कम काढल्याची नोंद आणि तिच्या कडेला चार पायांचं काहीतरी.

"खाट ती. सासूक बरां नव्हतां, तेवाची."

खाटेच्या खाली पुन्हा बांगड्या सुरू झाल्या होत्या. आता रकमा लहान होत्या आणि बांगड्याही लहान होत्या. आमच्या तपशिलाच्या रकान्यात ह्या सगळ्या नोंदींपुढे एकच शब्द होता, 'रोख'.

नव्या पासबुकावर सही करायला ते एका अधिकाऱ्यांकडे गेलं. त्यांनी पानं उलटली. "पासबुकावर असलं गिरबटायचं नसतं, बाई," ते म्हणाले आणि रिवाजाप्रमाणे 'रद्द'चा शिक्का हाणला. शिक्का नेमका बांगड्यांवर उठला.

"रद्द म्हणजे काय ओ?" काकींनी विचारलं.

"म्हणजे आता ह्याला काही किंमत नाही."

काकी जरा थांबल्या. "पैशे नव्या बुकात गेले मां?"

"गेले."

"मगे ह्यां आता माजां झालां," असं म्हणून त्यांनी ते जुनं पासबुक कमरेच्या पिशवीत घातलं आणि नवं काउंटरवर तसंच ठेवून निघाल्या. मला हाका मारून त्यांना परत बोलवावं लागलं.

कॉमर्सचा पदवीधर आहे म्हणून सांगतो, एखाद्या घराचा इतका स्वच्छ ताळेबंद मी त्यानंतर पाहिला नाही. आणि त्याला 'गिरबटणं' म्हणणाऱ्या साहेबांची स्वतःची सही? मघाशी सांगितली तीच. ताप उतरत असलेली.

बरं, साध्या चित्राची ताकद आपल्याला कळतच नाही म्हणावं, तर तसंही नाही. मतं हवी असली की बरोबर कळते. १९५१-५२ साली देशाची पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली, तेव्हा शंभरांतल्या अठरांच्या आसपास माणसांना लिहितावाचता येत होतं. उमेदवाराची नावं वाचणार कोण? मग प्रत्येक उमेदवाराची वेगळी मतपेटी आणि पेटीवर त्याचं चित्र. काँग्रेसची बैलजोडी तेव्हाचीच. पुढे निवडणूक आयोगाचे चित्रकार एम. एस. सेठी यांनी घरातल्या, शेतातल्या, रोजच्या वापरातल्या वस्तूंची कितीतरी चित्रं साध्या पेन्सिलीनं काढली. ते १९९२ साली निवृत्त झाले, पण अपक्षांना वाटल्या जाणाऱ्या चिन्हांत त्यांची चित्रं पुढेही दिसत राहिली.

आमच्या जुन्या राजापूर मतदारसंघाचं उदाहरण घ्या. वेंगुर्ल्यात जन्मलेले बॅरिस्टर नाथ पै १९५७, १९६२ आणि १९६७ अशा तीन निवडणुका इथून जिंकले. प्रजासमाजवादी पक्ष आणि निशाणी झोपडी. नाथ पैंचं वक्तृत्व ऐकायला लोकसभा कान टवकारायची म्हणतात. पण मालवणातल्या, देवगडातल्या निरक्षर म्हातारीला लोकसभेतलं इंग्रजी थोडंच कळणार? तिनं शिक्का मारला तो पाच रेघांच्या झोपडीवर. दोन रेघा छपराच्या, दोन भिंतींच्या आणि एक जमिनीची. ती झोपडी बघून तिला आपलं घर आठवलं असेल, पावसात गळणारं छप्पर आठवलं असेल, मुंबईला गिरणीत गेलेला मुलगा आठवला असेल. सगळं त्या पाच रेघांत होतं. ह्या झोपडीला खिडक्या किती, असं तिनं विचारलं नाही आणि कुणा पुढाऱ्यानंही "असली झोपडी आमचा बंड्यासुद्धा काढील" असं म्हटल्याचं ऐकिवात नाही. निवडणूक संपली की मात्र आपण पुन्हा चित्रांतलं काही न कळणारे होतो.

सावंतवाडीची गंजिफा पाहा. दशावतारी गंजिफाचे १२० गोल पत्ते; दहा अवतारांचे दहा रंग आणि प्रत्येक रंगाचे बारा पत्ते. मत्स्याचा मासा, कूर्माचं कासव आणि परशुरामाची कुऱ्हाड. ह्या कुऱ्हाडीकडे नीट बघा. परशुरामानं समुद्र मागे हटवून कोकणची भूमी मिळवली, ही कथा रंगवायला कीर्तनकाराला रात्र पुरत नाही. गंजिफा रंगवणारा चितारी ती नखाएवढ्या कुऱ्हाडीत घालून पत्ता खेळणाऱ्याच्या हातात देतो, आणि खेळणारा त्यावर वरचढ पत्ता टाकून ती मारतो! ही कला मरायला टेकली होती. १९७०च्या सुमारास शिवरामराजे भोसले आणि सत्त्वशीलादेवी यांनी पुंडलिक चितारी ह्या म्हाताऱ्या कारागिराकडून ती शिकून घेतली, राजवाड्यात तिचं काम सुरू केलं आणि म्हणून ती वाचली. आता हे पत्ते चौकटीत बसवून दिवाणखान्यात लावतात. पाहुणा जवळ जातो, चष्मा वर करतो आणि विचारतो, "केवढ्याला पडलं हो?" कुऱ्हाड कुणाची, हे विचारणारा अजून भेटायचा आहे.

"पण इतकं लहान?" असंही काही जण म्हणतात. लहान म्हणजे क्षुल्लक आणि मोठं म्हणजे थोर, हा हिशोब मला बँकेतसुद्धा पटत नाही. बुडालेली कर्जं सगळी मोठीच असतात. मालवणच्या समुद्रातल्या सिंधुदुर्ग किल्ल्यात शिवाजी महाराजांच्या हाताचा आणि पायाचा म्हणून जपलेला चुन्यातला ठसा आहे. तळहाताएवढाच, कारण तो तळहातच. होडीतून उतरून, चढण चढून घामाघूम झालेली माणसं तिथे वाकतात आणि गप्प होतात. ह्याच मालवणात राजकोटावर महाराजांचा ३५ फुटी पुतळा उभारला होता. ४ डिसेंबर २०२३ रोजी त्याचं अनावरण झालं आणि २६ ऑगस्ट २०२४ रोजी तो कोसळला. २०२५ साली तिथे त्याहून उंच पुतळा उभा राहिला. उंची वाढवणं हा एकच उपाय आपल्याला सुचतो. किल्ल्यातला पंजा आहे तेवढाच आहे. त्याला वाढायची गरज पडलेली नाही.

इथवर बंड्याच्या बाबांचं झालं. आता दुसऱ्या टोळीकडे वळतो. पहिली टोळी म्हणते ह्या चित्रात काहीच नाही; दुसरी म्हणते सगळंच आहे. ही माणसं चित्रासमोर हनुवटीला हात लावून उभी राहतात आणि "रेषेचा आंतरिक ताण", "अवकाशाची शक्यता", "अस्तित्वाचा आदिम हुंकार" अशा चलनात बोलतात. हे चलन कुठल्याच काउंटरवर वटत नाही. आदिम हुंकार ऐकला की बिचारा सामान्य माणूस घाबरून म्हणतो, "आपल्याला बुवा चित्रातलं काही कळत नाही." म्हणजे पहिल्या टोळीची भरती दुसरी टोळी करते!

दोन्ही टोळ्या एकत्र बघायच्या असतील तर मालवण तालुक्यातल्या कुडोपीच्या सड्यावर चला. तिथे जांभ्या दगडाच्या कातळावर माणसांसारख्या आणि इतर बऱ्याच आकृती कोरलेल्या आहेत. अभ्यासक त्यांचा काळ हजारो वर्षं मागे नेतात. सिंधुदुर्गातल्या अशा कातळशिल्पांकडे लक्ष वेधलं गेलं ते सतीश लळीत यांच्यामुळे. २००१ साली त्यांनी हिवाळे गावची कातळशिल्पं उजेडात आणली. कुडोपीच्या जागेला गावची माणसं बावल्यांचं टेंब म्हणतात. बावली म्हणजे आपली बाहुली. इतकं सरळ नाव कुठल्या पंडिताला सुचलं नसतं. तिथे एक टोळी म्हणते, "गुराखी पोरांनी खरवडलं असेल." दुसरी टोळी परग्रहावरच्या माणसांपर्यंत पोचते. मधल्या मधे जे दिसतं ते कुणी बघत नाही. काय दिसतं? उन्हात तापलेल्या कातळावर कुणीतरी दगडानं दगड खरवडत बसलेला माणूस. पोटापाण्याची सगळी कामं बाजूला ठेवून, गुडघे सोलवटून घेऊन, त्यानं दुसऱ्या एका माणसाची आकृती काढली. ती देवता होती, पूर्वज होता की सोडून गेलेलं कुणी होतं, ह्यावर विद्वानांनी जरूर भांडावं. त्या माणसाला कुणाची तरी आठवण ठेवायची होती, इतकं समजायला आदिम हुंकार लागत नाही. रापणीवरच्या त्या गड्याला पेन्सिल लागली, ह्याला कातळ लागला.

आणि हा नुसता आवडीनिवडीचा प्रश्न नाही, म्हणून मी एवढा तापलो आहे. कोकणातल्या सड्याची सातबाऱ्यावर नोंद काय असते ठाऊक आहे? बहुधा 'पोटखराबा'. म्हणजे ज्यात काही पिकत नाही, ज्यावर आकार नाही, ज्याला किंमत नाही अशी जमीन. मग त्या किंमत नसलेल्या जमिनीला किंमत आणायची सोपी युक्ती म्हणजे चिरेखाण. यंत्राचं पातं फिरतं आणि सड्याचे चौकोनी चिरे होऊन बाहेर पडतात. कोरीव रेघा असतात त्या सड्याच्या अगदी वरच्या सालीवर, म्हणजे पात्याच्या पहिल्या फेऱ्यातच त्या जाणार. पात्याला रेघ दिसत नाही हे मान्य. पण ज्यानं बघायचं तो माणूस काठावर उभा राहून काय म्हणतो? "पोरांनी काढलं असेल हो. असलं तर आमचा बंड्यासुद्धा..." इथे ते वाक्य थट्टेचं राहत नाही. तो 'रद्द'चा शिक्का असतो. त्या पासबुकावरचा शिक्का निदान बांगड्यांच्या वर उठला होता, खालच्या बांगड्या दिसत तरी होत्या. इथे पानच फाडून चिऱ्याच्या भावानं विकलं जातं.

२०२२ साली कोकणातली कातळशिल्पं युनेस्कोच्या जागतिक वारसास्थळांच्या संभाव्य यादीत गेली. रत्नागिरी जिल्ह्यातली सात ठिकाणं, सिंधुदुर्गातलं कुडोपी आणि गोव्यातलं फणसायमळ, अशी ही नऊ. आता एकदम सगळ्यांना त्यांत अर्थ दिसू लागला. भाषणं झाली, फलक लागले, माणसं मोबाइल उंचावून फोटो काढू लागली. चांगलं झालं. पण रेघा काल होत्या त्याच आज आहेत. फरक पडला तो एवढाच, की रेघेमागे खुर्ची आली आणि खुर्ची परदेशातली. यादीत न आलेल्या सड्यांचं काय? तिथे अजून पोटखराबाच आहे आणि तिथे खुर्ची यायच्या आधी पातं येईल.

तेव्हा माझ्या मागण्या सांगतो. कारकुनाच्या मागण्या असल्यामुळे फार मोठ्या नाहीत. बंड्याच्या बाबांनी बंड्याला पाठीशी घालून चित्रांवर बोलणं बंद करावं. बोलायचंच असेल तर बंड्याला विचारून बोलावं. त्यानं आजी काढली तर तिची मान मागू नये, हात कुठे पोचला आहे ते बघावं. दुसऱ्या टोळीनं वर्षभर 'अवकाश' हा शब्द फक्त "जरा अवकाश आहे का?" एवढ्याच अर्थानं वापरावा. सड्यावर पातं लावण्याआधी कुणीतरी एक माणूस, शक्यतो संध्याकाळच्या तिरप्या उन्हात, तो सडा पायी फिरून यावा. तिरप्या उन्हात रेघा दिसतात. त्याला पगार द्यायला चार चिऱ्यांचे पैसे पुरतील.

आणि शेवटची मागणी माझ्या स्वतःच्या धंद्यातली. फॉर्मवर जिथे 'सही किंवा अंगठा' छापलेलं असतं, तिथे तिसरा एक चौकोन ठेवा आणि त्यावर 'निशाणी' असं छापा. कायद्याची हरकत नाही, १८९७ पासून नाही. त्या चौकोनात कुणी नांगर काढील, कुणी होडी काढील, कुणी बांगडी काढील. ती ताडून बघायचं काम माझ्याकडे द्या. साहेबांची सही इतकी वर्षं ओळखतो आहे, नांगर ओळखायला मला काही जड जाणार नाही.